बिनमिठाचं पातेलं

८ नोव्हेंबर

ताई,

पत्ता तुझ्या लेकीने दिला. चारदा मागितला, तेव्हा कुठे दिला. तिच्यावर डाफरू नकोस.

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. आमचे हे ठीक आहेत, गुडघे सोडून. मीही ठीक आहे, असंच लिहिणार होते, पण ते खरं नाही आणि खोटं लिहायचाही आता कंटाळा येतो.

मलाही सुरू झालंय. तुला व्हायचं ते. पाळी जाऊन दहा महिने झाले. छातीतून काहीतरी चढतं, मानेवर येतं, कानापर्यंत पोचतं आणि मग सगळं अंग ओलंचिंब. पाच मिनिटांनी थंडी वाजते. यांना मजा वाटते. म्हणतात, बरं झालं, आता हीटर घ्यायला नको. स्वतः मात्र दोन पांघरुणं घेऊन बसतात, कारण खिडकी मी बंद करू देत नाही.

हॉस्पिटलचं स्वयंपाकघर तू सोडून गेलीस तसंच आहे. तळघरातच. सहा शेगड्या, वर छताला लागून ती लांबट खिडकी, तिच्यातून अजूनही रस्त्यावरच्या लोकांची फक्त पावलं दिसतात. सकाळी दोनशे दहा माणसांचा नाश्ता. त्या वाफेत ही माझी वाफ. परवा ताटं लावताना घाम टपकेल म्हणून कपाळाला फडकं बांधलं, तर वॉर्डातली नर्स म्हणाली, काय हो, कुठे लढाईला निघालात?

विचारायचं होतं ते एवढंच. तुला त्या वेळी काय खाल्ल्याने बरं वाटायचं? काय सोडलं होतंस? तेव्हा विचारलं नाही, हे मला माहीत आहे.

मुख्य स्वयंपाकीण म्हणून आता मी आहे, हे तुला कळलं असेलच.

धाकटी


१९ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही आलं. येईल असं धरून चालले नव्हते. तरी टपाल आलं की हात पुसून वर जात होते.

मंगळवारी मी पकडली गेले. दुधाच्या थंड खोलीत. दाराला पाठ लावून, क्रेटवर बसून, ब्लाउजची वरची दोन बटणं उघडी, मानेवर दुधाची पिशवी. दार उघडून आत आली ती आमची आहारतज्ज्ञ. तुझ्यानंतर आलेली मुलगी आहे. प्रत्येक गोष्ट वजन करून देते आणि स्वतः काडीसारखी बारीक, म्हणून सगळे तिला तोळामासा म्हणतात. तिलाही ठाऊक आहे.

मला वाटलं आता ओरडेल. तिने दार ओढून घेतलं आणि शेजारच्या क्रेटवर बसली.

"दिवसातून किती वेळा होतं?"

"मोजलं नाही."

"चहा किती घेता?"

मी म्हटलं, चार-पाच. ती नुसती बघत राहिली. मग म्हटलं, दहा. मग बोटांवर मोजलं तर चौदा निघाले, ताई. चौदा! शेगडीपाशी उभ्याउभ्या, उकळता. जेवण म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर उरलेला पाव, तळलेले बटाटे आणि वर लाल तिखट भुरभुरून. दोनशे माणसांचं पथ्य सांभाळणारी बाई स्वतः काय खाते, हे मला कोणी आजवर विचारलंच नव्हतं. मीही नाही.

तिने एक वही दिली. एका बाजूला काय खाल्लं-प्यालं, दुसऱ्या बाजूला वाफा कधी आल्या. म्हणाली, "कडकडीत चहा-कॉफी, तिखट, तळलेलं, यांनी पुष्कळ जणींना जास्त होतं. सगळ्यांना होतंच असं नाही. तुम्हाला कशाने होतं ते तुमची वहीच सांगेल."

मी म्हटलं, आणि वहीने काहीच सांगितलं नाही तर? ती म्हणाली, "तर डॉक्टर आहेत, औषधं आहेत. सोसत बसायचं बक्षीस कोणी देत नाही."

तुला असं बोलणारं कोणी नव्हतं.

धाकटी


६ डिसेंबर

ताई,

वही लिहिते आहे. पहिल्या आठवड्यात दिवसाला अकरा. चौदा चहांवरून तीनवर आले आणि चार दिवस डोकं असं दुखलं की कोणी पळी आपटली तरी रडू यायचं. आता चहा घेते तोही कोमट. कोमट चहा म्हणजे काय ते तुला सांगायला नको, भांडी विसळल्याचं पाणी त्याहून बरं. तिखट बंद केलं. जेवण वेळेवर, बसून. बसून जेवायला मला लाजच वाटत होती पहिले काही दिवस, पाहुणी असल्यासारखं.

आता आठ येतात. कधी नऊ. परवा एका नर्सच्या निरोपसमारंभाला तळलेलं खाल्लं, तीन कप गरम कॉफी घेतली, दुसऱ्या दिवशी मोजता मोजता बारा झाल्या. वहीत लिहिलं, तोळामासाला दाखवलं. ती म्हणाली, "एका दिवसावरून काही ठरत नाही, पण लक्षात ठेवा."

खरं सांगू का, थकले आहे. आजारी नाही, थकले. सकाळी पाच वाजता उठून चपलेत पाय घालायचासुद्धा जिवावर येतं. आणि मग आठवतं, तू हे सगळं आठ तास उभं राहून केलंस, आणि वर तुला हसणाऱ्या आम्ही होतो.

तू थंड खोलीत गेलीस की मी तुझी नक्कल करायचे. तुला माहीत होतं का? ताटाने वारा घेत, डोळे फिरवत, "उघडा गं दार, उघडा!" असं. सगळ्या हसायच्या. एकदा तू दारात उभी होतीस असं मला वाटलं, पण तू काही बोलली नाहीस, म्हणून मी समजले की तू पाहिलं नाहीस. असं समजणं सोयीचं होतं.

हे लिहायला बसले नव्हते. हाताने लिहिलं.

धाकटी


२१ डिसेंबर

ताई,

तोळामासाने आता सोयाबीन सुरू केलंय. रोज अर्धी वाटी, शिजवलेलं. शिवाय डाळी, पालेभाजी, तेल अगदी कमी, वरून चमचाभर जवसाची पूड. यांनी पहिल्या दिवशी माझ्या ताटात डोकावून विचारलं, "हे कोणाचं खाद्य?" आता तेही खातात, कारण दोन स्वयंपाक करायला मी साफ नकार दिला. कुरकुरतात, पण वाटी रिकामी असते.

सहावर आलंय. पाच पण झाल्या एक दिवस. सोयाबीनने की चहा सुटल्याने की बसून जेवण्याने, तोळामासालाही सांगता येत नाही. म्हणते, काहींना खूप फरक पडतो, काहींना अजिबात नाही, तुमचं नशीब बरं दिसतंय. मला नशिबाबद्दल बोललेलं आवडत नाही.

गुरुवारी किडनीच्या वॉर्डाची पातेली भरत होते. निळी पट्टी लावलेली, बिनमिठाची. नेमकी तेव्हाच मोठी लाट आली. डोळ्यांत घाम, कानात घूं घूं. मी पळी धरून तशीच उभी राहिले. आणि लक्षात आलं की हात बरोबर चालला होता. मिठाचा डबा डावीकडे होता, हात तिकडे गेलाच नाही. अंग भिजलं, पण पट्टी निळी आहे हे मला पूर्ण वेळ माहीत होतं.

दुपारी तोळामासाला विचारलं, "या वयात बाईचं डोकं जातं का?"

"जात नाही. झोप मोडते म्हणून विसरायला होतं कधी कधी. चष्मा कुठे ठेवला, नाव काय होतं, असं. का? तुमचं काही झालं का?"

माझं नाही, म्हटलं. पुढे ती काही विचारणार तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

आणखी लिहायचं आहे, ताई. चार ओळी लिहून खोडल्या, खाली दिसतीलच. आज होत नाही.

धाकटी


२२ डिसेंबर

ताई,

मीठ मी घातलं होतं.

बसून शांतपणे सांगते, कारण तुला तो दिवस आठवत नाही असं तूच म्हणाली होतीस, आणि मला तो मिनिटामिनिटाने आठवतो.

सोमवार होता. मी उशिरा आले होते, यांच्याशी भांडून. तू मला काहीच बोलली नाहीस, नुसतं डाळीच्या सुपाच्या चारही पातेल्यांकडे बोट केलंस. तीन साधी, एक निळ्या पट्टीचं. मग तुला वाफ आली आणि तू थंड खोलीत गेलीस. मी मनात भांडतच होते. डबा घेतला आणि एका दमात चारही पातेल्यांत मीठ टाकून मोकळी झाले. तू तिथे नव्हतीस, ताई. तू दाराच्या पलीकडे होतीस.

आणि मला लगेच कळलं. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. पळीभर चाखलं, खारट लागलं. ओतून द्यायला हवं होतं. अकरा वाजत आले होते, ट्रॉली उभी होती. मी त्यात दोन तांबे पाणी आणि चार बटाटे टाकले आणि म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

सात नंबरच्या आजोबांना संध्याकाळी सूज आली, धाप लागली. ते वाचले, आठवड्याने घरी गेले, हे तुला माहीत आहे. पण त्या आठवड्यात मी वॉर्डाच्या जिन्यावरून जातसुद्धा नव्हते.

मग आपल्या दोघींना वर बोलावलं. तेव्हाच्या व्यवस्थापकांनी विचारलं, मीठ कोणी घातलं? तू आपल्या हातांकडे बघितलंस. उलटेसुलटे करून. म्हणालीस, "मला आठवत नाही. मीच घातलं असेल. हल्ली माझं लक्ष नसतं." ते माझ्याकडे वळले. तेव्हा मी मूग गिळून गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हटलं, "ताईचं हल्ली असं होतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं, बहिणीने बाजू घेतली नाही. तुझा राग तेवढ्याचाच होता, हे मला सहा वर्षं माहीत आहे, आणि मी तो तेवढाच राहू दिला. त्याच आठवड्यात तुझ्या जागेवर मला बसवलं. मी बसले.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की मला बरं वाटेल.

धाकटी


१० जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं. सात ओळींचं. जिन्यातच उभी राहून वाचलं.

तू लिहिलंस, "पत्र तीनदा वाचलं. सहा वर्षं मी गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत येते. कुलूप लावलं की शेजारणीला ओढून बघायला सांगते. नातीला आंघोळ घालायची तर पाणी आधी लेकीकडून बघून घेते. घरात मीठ तीच घालते, मी डब्याला हात लावत नाही. डॉक्टरला विचारून आले, माझा मेंदू जातोय का. तू दोन पानं लिहून मोकळी झालीस. मी कशी होऊ, ते सांग."

मला सांगता येत नाही, ताई. चार दिवस फक्त तोच विचार केला. मला वाटत होतं मी तुझी नोकरी घेतली. मी तुझा तुझ्यावरचा भरवसा घेतला होता, आणि ते मला माहीतही नव्हतं.

सोमवारी व्यवस्थापकांकडे गेले. आता नवीन आहेत, वयाने माझ्या भाच्यासारखे. सगळं सांगितलं. ते पेन फिरवत ऐकत होते.

"बाई, हे प्रकरण सहा वर्षांपूर्वी मिटलंय. पेशंट बरा होऊन गेला. आणि तुमच्या बहिणीने कबूलही केलं होतं."

"तिने कबूल केलं नव्हतं. तिला आठवत नाही, असं म्हणाली होती. ती तिथे नव्हती, तर तिला आठवणार कुठून?"

"मग आता मी काय करू म्हणता?"

"मी लिहून आणलंय. फाइलला लावा. आणि सहीशिक्क्याची एक प्रत मला द्या."

"याचा परिणाम तुमच्यावर होईल, कळतंय ना? निवृत्तीला सात वर्षं आहेत तुमच्या."

म्हटलं, कळतंय. ते खूप वेळ कागद वाचत बसले. नेमकी तेव्हा मला वाफ आली. गाल लाल, घाम टपटप. त्यांना वाटलं मी रडते आहे, त्यांनी घाईघाईने पंखा लावला. मी रडत नव्हते. पण तसं सांगायचंही त्राण नव्हतं.

प्रत सोबत जोडली आहे. तिच्यावर शिक्का आहे. त्यात तुझं नाव पूर्ण लिहिलंय आणि पुढे लिहिलंय की सदर चूक यांच्याकडून झालेली नाही. भाषा कारकुनाची आहे, पण अर्थ तोच.

यांना घरी सांगितलं. मग म्हणाले, "त्या सकाळी भांडण मी काढलं होतं." मी म्हटलं, मीठ तुम्ही नव्हतं घातलं. स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन बघितलंय मी एकदा.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

मला मुख्य स्वयंपाकिणीच्या जागेवरून काढलं. नोकरी राहिली. आता भाज्या चिरायच्या टेबलावर आहे, दाराजवळच्या. माझ्या जागी ती चष्मेवाली आहे, तुझ्या हाताखाली सहा महिने होती ती. चांगली आहे. पहिल्या दिवशी मला काम सांगताना तिचीच जीभ अडखळत होती. मीच म्हटलं, अगं सांग, गाजरं किती किलो? सगळ्यांना कळलंय. दोघी-तिघी बोलत नाहीत. तोळामासा बोलते. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "हे तुम्ही सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं." एवढंच. मग माझी वही मागितली.

दिवसाला चार-पाच येतात. तिथेच थांबलंय. त्याखाली जात नाही आणि मी आता खेचाखेच करत नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जाणार आहे, औषधाचं विचारायला. सोयाबीन चालूच आहे. चव आवडत नाही, ती नाहीच आवडत.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. मी टेबलावर होते, हातात कोबी. ती म्हणाली, "मावशी, प्रत मिळाली. आईने ती वाचली, घडी घातली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवली. तुझ्यासाठी निरोप आहे."

मी विचारलं, काय?

"म्हणाली, तिला लिहायचं तर लिहू दे. मला तिला भेटायचं की नाही ते मी ठरवीन. उत्तर मागू नये."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

वाटलं, आता फोन ठेवेल. पण ती तिथेच होती. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मावशी, थांब. ऐक जरा." आणि तिने फोन कुठेतरी नेला. आधी काहीच कळेना. मग पाणी ऐकू आलं. बादलीत तांब्या बुडवल्याचं, अंगावर ओतल्याचं. बंद दाराआडून येतं तसं. लेक कुजबुजली, "आज तिने मला पाणी बघायला बोलावलं नाही. बाळाला घेऊन आत गेली आणि आतून कडी लावली."

तू काहीतरी बोलत होतीस. शब्द कळले नाहीत. बाळ किंचाळलं, तांब्या पडला, आणि तू हसलीस. आधी हळू, मग मोठ्याने.

इकडे चष्मेवाली माझ्याकडे बघत होती, कोबीची वेळ टळत होती. आतलं पाणी थांबेपर्यंत तुझ्या लेकीनेही फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.

धाकटी